दाता म्हणून माझी योग्यता

२२ नोव्हेंबर, सकाळी

काल इस्पितळातून घरी आलो. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय, 'सुमारे तीन मीटर उंचीवरून पडले.' एका वाक्यात दोन चुका. उंची दोन मीटर चाळीस होती. शिडी मी स्वतः बनवलेली आहे, मापं मला ठाऊक. आणि मी पडलो नाही. शिडी सरकली, मी तिच्याबरोबर गेलो.

माझ्या बहिणीच्या, सालुहाच्या बागेत ऑलिव्हची तोडणी चालू होती. तोडणीला आलेली मबरूका आणि तिच्या टोळीतल्या बायका बोटांत बकऱ्याची शिंगं घालून फांद्या विंचरत होत्या, पण हात आडवा चालवत होत्या. फळाला मार लागला की तेल आंबटतं. सफाक्समधला कुठला तेलघाणा माझ्या हातून दुरुस्त झालेला नाही? तेव्हा हे मी नाही सांगायचं तर कोणी? वर चढून दाखवायला लागलो. मबरूका खालून म्हणाली, उस्ताद, उतरा, आमची आजीपण असंच विंचरायची, तिचं तेल कुणी थुंकून नाही टाकलं. तिला उत्तर द्यायला वळलो. पुढचं आठवत नाही. मुद्दा मात्र माझाच बरोबर होता.

कवटीच्या आत थोडं रक्त साचलंय म्हणतात. अगदी थोडं. आकडी येऊ नये म्हणून गोळ्या दिल्यात. मला आकडी येणारच नाही, पण घेतो. बायकोच्या, राधियाच्या समाधानासाठी.

२५ नोव्हेंबर

सालुहा भेटायला आली. तोंडावर मास्क, डोक्याला रुमाल. माझी धाकटी बहीण. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, लहानाचं मोठं मीच केलं. तिला रक्ताचा कर्करोग आहे. औषधांनी सध्या आजार दबलाय, पण तो दबलेला असेपर्यंतच तिला दुसऱ्याच्या स्टेम सेल द्यायच्या आहेत. आमच्या घरात फक्त माझ्या तंतोतंत जुळतात. दहापैकी दहा. हा आकडा मी स्वतः वाचलाय.

येऊन माझ्याच पायाशी बसली. म्हणाली, दादा, तू बरा आहेस ना? मी म्हटलं, तू स्वतःची काळजी कर. ती हसली. म्हणाली, माझी काळजी करायला सात डॉक्टर आहेत, तुझी कोण करतंय?

जानेवारीच्या सुरुवातीची तारीख ठरली आहे. त्याआधी ट्युनिसला जाऊन दाता म्हणून माझी तपासणी. हे काम माझ्या हातात आहे, म्हणजे होणार.

३ डिसेंबर

संकल्प. रोज सकाळी बसीसा, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, भरपूर तेल घालून. सिगारेट बंद. एका पायावर उभं राहण्याचा सराव. डॉक्टर ज्या ज्या टेस्ट करतील त्या आधी आपणच करून ठेवायच्या. यंत्र गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी मी चालवून बघतोच की.

जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर 'रक्ताचे रोग' मिळालं, खंड दुसरा. पहिला नव्हता. पण मूलभूत गोष्टी मला ठाऊकच आहेत.

३ डिसेंबर, दुपारी

एका पायावर उभा राहिलो. स्वयंपाकघराची फरशी उताराची आहे, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. राधियाला सांगितलं. ती म्हणाली, अठ्ठावीस वर्षं मी या फरशीवर उभी आहे, अजून एकदाही कपाटाला मिठी मारली नाही.

सिगारेट एकच.

१० डिसेंबर

शंभरातून सात सात वजा करत जाण्याची टेस्ट केली. मेंदूचे डॉक्टर हीच घेतात. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, चौसष्ट, सत्तावन्न. एकही चूक नाही. राधिया भाजी चिरता चिरता म्हणाली, बहात्तरातून सात गेले तर पासष्ट राहतात. तिचं गणित शाळेपासून कच्चं आहे. वाद घातला नाही.

डोकं दुखतं ते संध्याकाळी, आणि फक्त उजवीकडे. हे सांगण्यासारखं नाही. कॉफीत हल्ली काय मिसळतात देव जाणे.

१८ डिसेंबर, ट्युनिसहून परत

गंमत बघा. सालुहाचे डॉक्टर वेगळे आणि माझे वेगळे! मला तपासायला डॉक्टर बेल्हाज, चाळिशीच्या आतली बाई. म्हणाली, काका, मी तुमच्या बाजूची. बहिणीचे डॉक्टर बहिणीचं बघतील, तुम्हाला इजा होणार नाही एवढंच मी बघणार. म्हणजे माझ्या बहिणीपासून मला वाचवायला सरकारने डॉक्टर नेमलाय. मी म्हटलं, बाई, मला संरक्षण नको, सुई आणा.

ती म्हणाली, पेशी रक्तात उतरवायला चार-पाच दिवस इंजेक्शनं द्यावी लागतात. त्यानं चांगल्या माणसाचंही डोकं दुखतं. तुमच्या डोक्यात नुकतं रक्त साचलंय. उद्या डोकं दुखलं तर ते इंजेक्शनचं की आतल्या रक्ताचं, मला कसं कळणार? मग विचारलं, डोकं दुखतं का? नाही म्हटलं. चक्कर? नाही. राधिया खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. नंतर खाली बघायला लागली. मग तिने डॉक्टरला सगळं सांगितलं. कपाटासकट.

बाई आणखी बरंच बोलली, गोळ्यांबद्दलही काहीतरी. माझं लक्ष तिच्या फायलीकडे होतं. त्यात पुन्हा 'तीन मीटर' लिहिलं होतं. ते खोडून दोन चाळीस करवून घेतलं, तेव्हाच उठलो.

निकाल: सध्या थांबा. जानेवारीत नवा स्कॅन, मेंदूच्या डॉक्टरचा अभिप्राय, मग पुन्हा बघू. सालुहाची तारीख फेब्रुवारीवर गेली. हे नापास होणं नव्हे. याला मुदतवाढ म्हणतात.

परतीच्या टॅक्सीत राधियाशी बोललो नाही. ती पण बोलली नाही, त्यामुळे तिला कळलं की नाही कोण जाणे.

४ जानेवारी

परवा स्कॅन झाला. रक्त जवळजवळ विरलंय! मेंदूचा डॉक्टर म्हणाला, छान, असंच राहू द्या, चक्कर थांबली की लिहून देतो.

पण थांबायला वेळ कोणाला आहे? मी दोन दिवस विचार केला आणि मुळाशी गेलो. चक्कर का येते? कारण विरलेलं रक्त कुठंतरी गेलं असणार. कुठं गेलं? कुठंच नाही, तिथंच फिरतंय. घाण्याच्या पंपात जुनं तेल राहिलं की आपण काय करतो? तळाची झडप उघडतो.

डोक्याला तुंबड्या लावून घ्यायच्या. इतकं सोपं आहे. आणि पेशी देण्याआधी रक्त स्वच्छ झालं तर सालुहालाही उत्तमच माल जाईल. हे एकाही डॉक्टरला सुचलं नाही.

६ जानेवारी

चांद्र महिन्याची सतरावी तारीख. तुंबड्यांना हाच दिवस उत्तम. गाझी न्हाव्याकडे गेलो. त्याच्या वडिलांनी माझ्या वडिलांना लावल्या होत्या. त्याने आधी हात जोडले. म्हणाला, उस्ताद, डोकं फुटलेल्या माणसाला मी हात लावत नाही, गुडघा घेऊन या, पाठ घेऊन या. मी त्याला पंपाचं समजावून सांगितलं. तो म्हणाला, मला पंपातलं कळत नाही. मी म्हटलं, मला कळतं ना, तू पातं चालव.

मानेवर दोन, टाळूवर दोन. काळं, दाट रक्त निघालं. गाझीला म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, सगळ्यांचं असंच निघतं.

खूप हलकं वाटतंय. घरी येताना एकदाच बसावं लागलं.

१२ जानेवारी

ट्युनिस. सगळं उत्तम चाललं होतं. वजन, रक्तदाब, छाती. डॉक्टर बेल्हाज खूश दिसली. मग नर्स नाइला प्रश्न विचारायला बसली. गेल्या काही महिन्यांत गोंदण? नाही. कान टोचणं? मी म्हटलं, पोरी, माझ्या वयाकडे बघ. तुंबड्या?

मी अभिमानाने टोपी काढली.

नाइलाने पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरला हाक मारली. डॉक्टरने माझी टाळू पाहिली.  मग विचारलं, पातं नवं होतं? मी म्हटलं, गाझीचं पातं आहे, त्याच्या वडिलांपासून. तिने डोळे मिटले.

म्हणाली, काका, त्या पात्यावर दुसऱ्या कोणाची कावीळ असली तर ती आज तुमच्या तपासणीत दिसेलच असं नाही. बहिणीची सगळी प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी पुसून टाकणार आणि त्यात तुमच्या पेशी सोडणार. एकटं डोकं असतं तर सांभाळून घेतलं असतं. एकट्या तुंबड्या असत्या तर चार टेस्ट जास्त करून धोका पत्करला असता. तुम्ही दोन्ही घेऊन आलात. चार महिने नाही.

मी म्हटलं, रक्त तर उलट स्वच्छ झालंय. नाइला खिडकीबाहेर बघायला लागली.

१४ जानेवारी (राधिया म्हणते १६)

सालुहाकडे सगळे जमलो. तिचे डॉक्टर म्हणतात, थांबण्यात अर्थ नाही, मुलाच्या अर्ध्या जुळतात, त्या घेऊ. मुलगा म्हणजे वाएल, सूसच्या हॉटेलात कामाला आहे, चोवीस वर्षांचा. बाही वर करूनच आला होता. म्हणाला, मामा, मी उद्या जातो.

मी शांतपणे समजावलं. दहापैकी पाच आणि दहापैकी दहा यांत फरक असतो. अर्ध्या आट्याचा बोल्ट बसतो, पण धरत नाही. 'रक्ताचे रोग', खंड दुसरा, यात अर्ध्या जुळणीचं नावसुद्धा नाही. वाएल म्हणाला, मामा, ते पुस्तक माझ्या जन्माआधीचं आहे. मी म्हटलं, कुराणही तुझ्या जन्माआधीचंच आहे. त्याने बाही खाली ओढली.

सालुहा बराच वेळ रुमालाची किनार दुमडत बसली होती. मग म्हणाली, डॉक्टर म्हणतात थांबू नका. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मला काय कळतंय, तू सांग. तू नेहमी सांगतोस. मी म्हटलं, मे महिन्यात मी तुला पूर्ण देतो, अर्धं घेऊ नकोस.

तिने मान हलवली. मध्ये औषधाचा एक फेरा वाढवून घेणार आहेत.

वाएल दार आपटून गेला. तरुण रक्त.

२ फेब्रुवारी

चक्कर आठवड्यातून दोनदाच. म्हणजे प्रगती. डोकेदुखी मोजणं बंद केलं आहे, मोजल्याने वाढते.

गोळ्यांवर विचार चालू आहे. मेमध्ये पहिला प्रश्न काय येणार? कुठली औषधं चालू आहेत? 'आकडीची' म्हटलं की संपलं. जो माणूस औषध घेत नाही तो आजारी नाही, हे कुठलंही मूल सांगेल.

१९ फेब्रुवारी

रमजान सुरू. गोळी दिवसातून दोनदा, आणि उपवासात दिवसा काही घेता येत नाही. वरूनच इशारा आला. बंद केली. राधिया म्हणाली, पहाटे जेवताना एक आणि उपवास सोडताना एक घ्या, औषधवाल्याने मला लिहून दिलंय. आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोळी स्वतःहून थांबवू नका म्हणून. मी म्हटलं, मला तर नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगत होत्या, तेव्हा तुम्ही त्यांची फाईल खोडत होतात.

घेतो म्हणून सांगितलं. खिशात ठेवतो.

२५ फेब्रुवारी

काल उपवास सोडायची तोफ झाली, शोरब्याचा वाडगा उचलला, आणि थोडा वेळ जमिनीवर पडून राहिलो.

राधियाचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते हातपाय आपटत होते, डोळे पांढरे झाले, जीभ चावली गेली. जीभ सुजली आहे हे खरं. शोरबा फार गरम होता.

तिला माझ्या पँटच्या खिशात गोळ्या सापडल्या. ओरडली नाही. टेबलावर एकीशेजारी एक मांडून ठेवल्या आणि नमाजाला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१ मार्च

राधियाने मला न विचारता डॉक्टर बेल्हाजला फोन केला. मग मलाही दिला. बाई म्हणाली, काका, गोळी कधीच अडचण नव्हती. आकडीच्या गोळ्या घेणारी माणसं सुद्धा पेशी देतात, त्रास आटोक्यात असला की झालं. गोळी चालू ठेवा असंच मी म्हटलं होतं. आता मात्र मला तुम्हाला बाजूलाच ठेवावं लागेल. वाएलला पाठवा, लगेच.

मी विचारलं, मेमध्ये पुन्हा बघू ना? ती म्हणाली, वाएलला पाठवा.

पाठवतो. तात्पुरती सोय म्हणून. मुख्य दाता मीच आहे.

५ मार्च

वाएलची तपासणी झाली. सकाळी गेला, संध्याकाळी पास होऊन आला. माझ्या वेळी एवढ्या बारकाईने केली होती, त्याची उरकलेली दिसते.

फोनवर मी त्याला थोडी माहिती देत होतो, बसीसा कसा खायचा वगैरे. तो म्हणाला, मामा, एक विनंती आहे, आता काही सांगू नका.

१० मार्च

सालुहाच्या रक्तात आजार परत दिसला.

११ मार्च

म्हणजे आता वाएलचंही चालणार नाही. आधी आजार पुन्हा दाबायला हवा, मग पेशी. पुस्तकात पान १८८ वर आहे. दाबतील. पहिल्यांदा दाबला होताच की.

मी रोज दोन्ही गोळ्या घेतोय. चक्कर नाही. डोकेदुखी नाही. हे खरं लिहितोय. हे कोणाला सांगावं कळत नाही.

२० मार्च, ईद

खारवलेला मासा आणि शरमूला, कांदा-मनुकांचा. राधियाने केला, पण कांदा जरा कमी परतला. सांगितलं नाही. सालुहाला ट्युनिसला फोन लावला. तोंडात फोड आल्यात, नीट बोलता येत नव्हतं. म्हणाली, दादा, माझ्या वाटचा तू खा. खाल्ला. दोनदा.

५ एप्रिल

दबत नाही.

१९ एप्रिल

सालुहाला घरी आणलं. तिच्या घरी जिना आहे, म्हणून आमच्याकडे, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत. वाएलने तिला उचलून आत नेलं. मी पलंगाची पातळी बरोबर करून ठेवली होती, पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालून. तिने विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, फरशी उताराची आहे. ती म्हणाली, या घरात सगळंच उताराचं आहे आणि तू एकटाच सरळ, नाही का रे?

मग हसायला लागली. मग खोकला आला.

२३ एप्रिल

वाएल माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असेल तर मामीला सांगतो, मामी मला सांगते, मी देतो. मीठ माझ्याच हाताशी असतं.

सालुहाने दुपारी त्याला बोलावून घेतलं. दार उघडं होतं. म्हणाली, मामावर दात धरू नकोस. तो म्हणाला, आई, त्यांनी तुला थांबवलं. ती म्हणाली, मी थांबले. मला तुझ्या अंगात सुया नको होत्या आणि तो जे सांगत होता ते ऐकायला बरं वाटत होतं. डॉक्टर शंभरातले इतके आणि इतके सांगायचे. तो एकटाच 'देतो' म्हणायचा.

मला आत जाऊन टक्केवारीबद्दल बोलायचं होतं. खंड दुसऱ्यात तक्ता आहे. गेलो नाही. बागेकडच्या नळाचा वॉशर बदलला.

२९ एप्रिल

आज तिने माझा हात धरला आणि मनगटापाशी शीर दाबून बघितली. म्हणाली, किती जाड आहे. इथूनच घेणार होते का? मी म्हटलं, इथून नाही, कोपराच्या खोबणीतून, दोन्ही हातांतून, एका हातातून जातं आणि दुसऱ्यातून परत येतं, चार तास लागतात. यंत्राचं सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच झोपली असावी. मी शेवटपर्यंत सांगितलं.

४ मे

सालुहा सकाळी गेली. राधिया आणि वाएल जवळ होते. मी पाव आणायला गेलो होतो.

७ मे

तीन दिवस माणसं येऊन गेली. कुसकुस शेजाऱ्यांनी केलं. मबरूकाही आली, तिच्या सगळ्या बायकांना घेऊन. माझा हात धरून म्हणाली, उस्ताद, तुम्ही द्यायला तयार होतात, अल्लाने ते पाहिलंय. मी म्हटलं, पूर्णपणे तयार होतो. ती राधियाकडे वळली.

वाएल सूसला गेला. जाताना मामीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मला सलाम केला, दारातूनच.

१२ मे

मेंदूच्या डॉक्टरची तारीख जानेवारीतच घेऊन ठेवली होती, ती आजची. राधिया म्हणाली, नका जाऊ आता. मी म्हटलं, घेतलेली वेळ पाळायची असते.

डॉक्टरने डोळ्यांत दिवा मारला, गुडघ्यावर हातोडी मारली, सरळ रेषेत चालायला लावलं. नवा स्कॅन उजेडाला धरला. रक्ताचा थेंब नाही. गोळी चालू ठेवा म्हणाला, बाकी माझ्याकडून काही हरकत नाही, तुम्ही पेशी देऊ शकता. लिहून देतो. मग पेन उघडून विचारलं, कोणाला देताय?

बहिणीला, म्हटलं.

कधी आहे?

पुढे ढकललंय, असं मी सांगितलं.

तो म्हणाला, मग तोवर तब्येत जपा.

जपतो म्हटलं.